आडोसा

आमच्या दादीला कोणी भूकंपाबद्दल विचारलं की ती आधी सेहरीचं सांगायची. ११ डिसेंबर १९६७ची पहाट. रमजानचा दुसरा आठवडा नुकताच लागला होता. दादीने चारला उठून चूल पेटवली होती. दादा बाहेर बादलीजवळ तोंड धूत होते. अब्बा तेव्हा अकरा वर्षांचे. यंदा सगळे रोजे धरणारच असा त्यांचा हट्ट, म्हणून त्यांनाही उठवून बसवलं होतं. सव्वाचार वाजून काही मिनिटं झाली आणि जमिनीखालून मालगाडी गेल्यासारखा आवाज आला. तव्यावरची भाकरी तव्यावरच राहिली. माणसं जागी होती म्हणून दारातून बाहेर पडली, मागे भिंत बसली. कोयनानगर आणि आसपासच्या गावांत त्या पहाटे सुमारे १८० माणसं गेली. दादी म्हणायची, "रोज्याने वाचवलं." अब्बा म्हणायचे, "भुकेने वाचवलं." या मुद्द्यावर मायलेकांचं शेवटपर्यंत जमलं नाही.

पण दादीची गोष्ट इथे संपत नसे. तिला जे सांगायचं असे ते यापुढचं.

थंडीचे दिवस. सगळी वसाहत उघड्यावर. कराडकडून, घाटाखालून चिपळूणकडून मदतीचे ट्रक येऊ लागले. पिठाची पोती, घोंगड्या, जुने कपडे. वरून माणसं गठ्ठे टाकत आणि खाली झेलाझेली होई. ज्याचे हात लांब त्याला जास्त. दादीच्या वाट्याला एक नऊवारी लुगडं आणि एक साहेबी कोट आला. तो कोट अंगात घालून दादा पुढे कितीतरी वर्षं सुतारकामाला जात. लोक हसत. तेही हसत. लुगडं फाडून गोधडी झाली.

दादीला खरं हवं होतं ते वेगळंच. घरांबरोबर न्हाण्याही पडल्या होत्या. आठ दिवस तिने अंगावर पाणी घेतलं नव्हतं. उजाडायच्या आत ओढ्याकडे जायचं, तेही दोघी-तिघींनी मिळून, एकीने पदर धरून उभं राहायचं. हे ट्रकवरच्या पुरुषाला कोण सांगणार? मग एक दिवस एक मुलगी आली. वीस-बावीस वर्षांची, हातात वही. ती ट्रकपाशी थांबली नाही. दादीजवळच्या दगडावर येऊन बसली. बराच वेळ काही बोलली नाही आणि मग म्हणाली, "तुम्हाला काय हवंय?"

दादी हे सांगताना आपल्या बोलीवर यायची. "तुमना क्या होना, ऐसा कोई पूछ्याच नै था." तिला पटकन उत्तरच सुचेना. मग तिने हळूच त्या मुलीच्या कानाशी सांगितलं. दुसऱ्या दिवशी चार बांबू आणि तरटाचे तुकडे आले. बायकांनी तरटाची न्हाणी उभी केली. त्या आडोशाला वसाहतीतल्या सगळ्या जातीधर्मांच्या बायकांची रांग लागली.

ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आले. ती पहिल्यांदा कागदावर उतरली ती २०१७ साली, माझ्या धाकट्या बहिणीच्या वहीत. ती तेव्हा कोल्हापूरला एमएसडब्ल्यूच्या पहिल्या वर्षाला होती. आपल्या घराने कधी कोणाची मदत घेतली असेल तर तो प्रसंग घेणाऱ्याच्या बाजूने लिहून आणा, असं त्यांना सांगितलं होतं. वर्गातल्या बहुतेकांनी आपण दिलेल्या मदतीचे प्रसंग आणले, असं ती म्हणाली. घेतलेल्या मदतीचा प्रसंग चटकन कोणालाच आठवत नाही.

तिच्या या शिक्षणाची घरात जी चर्चा झाली ती सांगण्यासारखी आहे. कोल्हापूरच्या ज्या संस्थेत ती शिकायला गेली तिला सगळे 'सायबर' म्हणतात. १९७६ सालची संस्था. तिच्या नावाने तिथे चौकही आहे. साहजिकच आमच्या नातेवाइकांत बातमी पसरली की पोरगी कॉम्प्युटर शिकते आहे. सगळे खूश होते. खरं कळल्यावर मामू घाट चढून आले. "खिदमतीची डिग्री?" त्यांना खरोखरच कळत नव्हतं. जकात आपण काढतो, सदका देतो, मय्यतीला खांदा देतो, कोणाच्या मुलीचं लग्न अडलं तर जमात उभी राहते. यासाठी दोन वर्षं फी भरून शिकायचं ते काय? आणि लोकांच्या वस्त्यांतून, दवाखान्यांतून मुलीच्या जातीने हिंडायचं?

अब्बा प्रकल्पात वायरमन होते. निवृत्त होऊन त्यांना तीन वर्षं झाली होती. ते फारसं बोलत नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "पॉवर हाउसमध्ये ट्रेनिंग नसलेल्या माणसाला मी पॅनेलला हात लावू दिला असता का?" मामू म्हणाले, "ती वीज आहे." अब्बा म्हणाले, "हां. आणि हा माणूस आहे."

मामूंचा आणखी एक आक्षेप होता. हे सगळं बड्या लोकांचं, इंग्रजी शिकलेल्यांचं खूळ. आपल्या मोहल्ल्याचा त्याच्याशी काय संबंध? गंमत अशी की भारतात समाजकार्याचं पदव्युत्तर शिक्षण सुरू झालं तेच एका मोहल्ल्यात. मुंबईच्या नागपाड्यात अमेरिकन मराठी मिशनचं 'नागपाडा नेबरहूड हाऊस' होतं. क्लिफर्ड मॅन्शर्ट नावाचे अमेरिकन मिशनरी ते चालवत. आजूबाजूला गोदी आणि गिरणी कामगारांच्या, गरीब मुसलमानांच्या चाळी. मॅन्शर्टना अनुभवाने कळलं की सद्‌भावनेने येणारे कार्यकर्ते पुष्कळ असतात, पण काम जाणणारे नसतात. त्यांच्या पुढाकाराने आणि टाटा ट्रस्टच्या पैशाने १९३६ साली तिथेच 'सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क' उघडलं. आज देवनारला असलेली टाटा इन्स्टिट्यूट ती हीच. पुढे मुंबईत निर्मला निकेतन निघालं, पुण्यात कर्वे संस्था निघाली. १९४८च्या फॅक्टरी कायद्याने पाचशे किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणं बंधनकारक केलं, त्यामुळे कितीतरी वर्षं या पदवीचा रस्ता कारखान्याच्या फाटकाकडे जात राहिला. मामूंना मी हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, "नागपाडा मला ठाऊक आहे, तिथे आमचा साडू राहतो." चर्चा तिथेच संपली आणि बहीण कोल्हापूरला गेली.

आता माझं. माझी शाळा नानीकडे, चिपळूणला, उर्दू माध्यमात झाली. तिथूनच पुढे बी.ए., मग बी.एड. आणि घाटाखालच्या एका उर्दू हायस्कुलात नोकरी. शनिवारी शाळा सुटली की कुंभार्ली घाटाची एस.टी. धरून मी कोयनानगरला येते. बी.ए.नंतर मीही एमएसडब्ल्यूचा विचार केला होता, कारण कॉलेजमध्ये एका बाईंनी तसं सुचवलं होतं. पण शिक्षिकेची नोकरी म्हणजे घरच्यांना पटणारी गोष्ट. आणि मला वाटलं, शिक्षक हा समाजसेवकच की. दोन्ही एकच.

ते एकच नाही हे मला कसं कळलं ते सांगते.

२०१६चा जून महिना. शाळा नुकत्याच उघडल्या होत्या, धो धो पाऊस आणि रमजानही चालू. माझ्या आठवीच्या वर्गात एक मुलगी होती. तिचं नाव मी लिहिणार नाही. तिचे वडील उन्हाळ्यात वारले होते. मुलगी हुशार, अक्षर सुरेख, उर्दूच्या तासाला पहिला हात तिचा वर. वडील गेल्यावर ती जुनाच युनिफॉर्म घालून येऊ लागली, बाह्या आखूड झालेल्या. छत्री नव्हती. प्लॅस्टिकच्या पिशवीत दप्तर गुंडाळून आणायची.

माझं काळीज हललं. मी वर्गात सांगितलं, ईद आली आहे, आपल्या या बहिणीसाठी प्रत्येकाने दहा-दहा रुपये आणायचे. मुलांनी आणले. काहींनी पन्नास आणले. शिक्षकांनी भर घातली. चांगली रक्कम झाली. एका शुक्रवारी मी तिला वर्गापुढे बोलावलं. पाकीट दिलं, नवा युनिफॉर्म दिला, छत्री दिली. मुलांना टाळ्या वाजवायला सांगितल्या. एका सहकाऱ्याने फोटो काढला आणि तो शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी स्वतः टाकला. खाली खूप दुआ आल्या. त्या फोटोत मुलगी खाली बघते आहे. मला तेव्हा वाटलं, लाजते आहे.

सोमवारी ती आली नाही. ईदनंतर शाळा भरली तेव्हाही नाही. दुसऱ्या आठवड्यात कोणाच्या तरी हाती युनिफॉर्म आणि छत्री परत आली. पाकीट आलं नाही, ते घरात लागलंच असणार. मी निरोप पाठवले. मुख्याध्यापकांना सांगितलं. ती वाडीतून बाहेर पडत नाही, मदरशालाही जात नाही, एवढंच कळलं. मला तिचा रागसुद्धा आला होता. हे कबूल करताना आज लाज वाटते, पण आला होता. एवढं केलं आणि ही अशी!

उजव्या हाताने दिलेलं डाव्या हाताला कळू नये, हे मी मुलांना दरवर्षी शिकवते. त्या वर्षीही शिकवलं होतं, त्याच महिन्यात.

बहिणीच्या अभ्यासाकडे मी पहिल्यांदा लक्ष दिलं ते तिच्या वहीमुळे. एमएसडब्ल्यूला आठवड्यातले दोन दिवस वर्ग नसतो, क्षेत्रकार्य असतं. विद्यार्थ्याला एखाद्या संस्थेत, वस्तीत, दवाखान्यात पाठवतात. तिथून आल्यावर रिपोर्ट लिहायचा. मी काय पाहिलं, समोरचा काय बोलला, मी काय बोलले, तेव्हा माझ्या मनात काय चाललं होतं, सगळं. मग मार्गदर्शक शिक्षक तो वाचून समोर बसवतात आणि प्रश्न विचारतात. आमच्या बी.एड.लाही सराव पाठ असतात. माझ्या वेळी बी.एड. एका वर्षाचं होतं. पाठ टाचण काढायचं, वर्गावर जायचं, मागच्या बाकावर निरीक्षक. पण आमचा निरीक्षक बघतो फळ्यावरचं अक्षर, प्रश्नांची संख्या, शैक्षणिक साधन वापरलं की नाही. 'वैयक्तिक भिन्नता' हा धडा मला होता, त्यावर मी दहा गुणांचं उत्तरही लिहिलं. समोरच्या मुलाला तू हे का विचारलंस आणि ते का विचारलं नाहीस, हे मला कोणी कधी विचारलं नाही.

तिच्या वहीतला एक रिपोर्ट मी विसरू शकत नाही. पहिल्या सत्रात तिला एका दवाखान्यात पाठवलं होतं. तिथे एक म्हातारा बरा होऊन महिना झाला तरी घरी जात नव्हता. न्यायलाच कोणी येत नव्हतं. बहिणीने चार दिवस खटपट करून त्याच्या मुलाचा नंबर मिळवला, फोन केला, मुलाला समजावलं. मुलगा आला, बापाला रिक्षात घालून घेऊन गेला. हिने उड्या मारत रिपोर्ट लिहिला. पंधरा दिवसांनी तोच म्हातारा त्याच दवाखान्यात, हात मोडलेला. मुलगा मारायचा. म्हाताऱ्याने घर सोडलं होतं ते म्हणूनच, आणि दवाखान्यात तो मुद्दाम राहत होता.

रिपोर्टच्या समासात लाल शाईने एकच ओळ होती: 'तुम्ही बाबांना विचारलं होतं का?'

हे वाचताना मी कोयनानगरच्या घरात पडवीत बसले होते. बहीण आत भांडी घासत होती. मी तिला हाक मारली आणि त्या मुलीची सगळी गोष्ट सांगितली. तोपर्यंत घरात कोणाला सांगितली नव्हती. ती हात पुसत ऐकत राहिली. मला वाटलं ही आता पुस्तकातलं काहीतरी सांगेल. ती म्हणाली, "आपा, तो फोटो अजून ग्रुपवर आहे?"

होता. दीड वर्ष होता.

तिच्या अभ्यासात फेलिक्स बिस्टेक यांची सात तत्त्वं आहेत. हे अमेरिकेतले एक जेझुइट धर्मगुरू, समाजकार्याचे प्राध्यापक. १९५७ साली त्यांनी ती पुस्तकात मांडली. माणसाला माणूस म्हणून घ्या, गठ्ठ्यातला एक म्हणून नको. त्याला बोलू द्या. तुम्हीही आत ओला व्हा, पण वाहून जाऊ नका. आहे तसा स्वीकारा. निवाडा करू नका. निर्णय त्याचा त्याला घेऊ द्या. आणि त्याने सांगितलेलं स्वतःपाशी ठेवा. बहीण ही तत्त्वं परीक्षेसाठी पाठ करायची तेव्हा अम्मी स्वयंपाकघरातून म्हणायची, "हे तर चांगल्या सुनेचे गुण आहेत." पण मी ती सात एकेक करून त्या शुक्रवारच्या माझ्या वर्गाला लावून बघितली. सातही मोडली होती. चांगल्या मनाने मोडली होती.

शेवटच्या तत्त्वाला पुस्तकात 'गोपनीयता' असा जड शब्द आहे. दादी असती तर तिने त्याला आडोसा म्हटलं असतं.

इथवर वाचून कोणाला वाटेल की विचारलं की सगळं सुटतं. मलाही तसं वाटायला लागलं होतं. माझा तो भ्रम २०१८ साली गेला, आणि तोही आमच्या दारात.

आमचे दादा मिरजेचे सुतार. १९५०च्या दशकाच्या शेवटी धरणाच्या कामावर आले. म्हणजे आमची भाकरी धरणाची. पण त्याच धरणाने शंभरएक गावं उठवली. शिवसागराच्या पाण्याखाली कोणाची भातखाचरं गेली, कोणाची देवळं गेली. १९६२ला वीज निघू लागली. पुनर्वसनाचा राज्याचा कायदा आला १९७६ला. म्हणजे गावं उठली तेव्हा उठवणाऱ्यांसाठी कायदा होता, उठणाऱ्यांसाठी नव्हता. माणसं सोलापूर, सांगली, ठाणे, कुलाबा अशी पांगली. कोणाला खडकाळ जमीन मिळाली, कोणाला कागद मिळाला, कोणाला तोही नाही. जी वर डोंगरात सरकून राहिली त्यांच्या भोवती १९८५ला अभयारण्य आलं, २०१०ला व्याघ्र प्रकल्प. वसाहतीतल्या शाळेत ही मुलं आणि कामगारांची मुलं एका बाकावर बसत, पण हे कोणी कोणाला सांगत नसे.

२०१८च्या उन्हाळ्याच्या तोंडाशी श्रमिक मुक्ती दल आणि डॉ. भारत पाटणकर यांच्या नेतृत्वाखाली हे धरणग्रस्त कोयनानगरात येऊन ठाण मांडून बसले. बायका, म्हातारी माणसं, दिवसचे दिवस. बहीण सुट्टीत घरी आली होती. पुढच्या वर्षीच्या संशोधनाला विषय हवा होता, म्हणून ती वही घेऊन रोज तिथे जाऊ लागली. एक दिवस मीही गेले.

ती एका आजीजवळ बसली. दादीजवळ ती मुलगी बसली होती तशीच. बराच वेळ गप्प. मग तिने विचारलं, "आजी, तुम्हाला काय हवंय?"

आजी हसली. तोंडात एकही दात नव्हता. "काय पायजे ते साठ वर्सं सांगतोय आमी. लिवून घेनारं लई आलं बग. सर्वेवालं आलं, तलाठी आलं, कालिजातली पोरं आली. तुज्या वहीत लिवलं म्हंजी जमीन मिळंल का?"

बहिणीचं पेन थांबलं. आजीने मग विचारलं, "तू कुटली?"

"इथलीच. वसाहतीतली. अब्बा प्रकल्पात होते."

"मंग तुजा बा आमच्या पान्यावं जगला म्हनायचा," आजी म्हणाली. रागाने नाही. लोकांची नाती सांगतात तसं सांगितलं. आणि पिशवीतली भाकरी काढून तिने आम्हा दोघींना अर्धी अर्धी दिली. उपाशी माणसाच्या घासातलं घ्यावं की नाही, हे सात तत्त्वांत कुठे येत नाही. आम्ही खाल्ली.

घरी येऊन बहिणीने हे अब्बांना सांगितलं. ते उठून बाहेर गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बघितलं तर दोन्ही हातांत पाण्याच्या कळशा घेऊन ते तिकडे निघाले होते. त्यावर घरात कोणी काही बोललं नाही.

त्या दिवसाच्या रिपोर्टवर समासात प्रश्न आला: 'आजींच्या प्रश्नाला तुम्ही काय उत्तर दिलंत?' खाली उत्तरासाठी जागा सोडलेली. बहिणीने ती कोरी ठेवली. आजही ती वही घरात आहे आणि ती जागा कोरी आहे. तिच्या वर्गात यावर भांडणं झाली म्हणे. एका माणसाजवळ बसून त्याचं ऐकायचं हे एक शिक्षण आणि शेकडो माणसांबरोबर सरकारपुढे बसायचं हे दुसरं. अभ्यासक्रमात दोन्ही आहेत, केसवर्कही आणि सोशल ॲक्शनही. पण पहिल्याची वही भरता येते, गुण देता येतात. दुसऱ्याचं काय मोजणार? आणि जी संस्था सरकारी अनुदानावर चालते ती आपल्या विद्यार्थ्याला ठिय्यावर पाठवेल का? मला वाटतं पाठवायला हवं. मोर्चात घोषणा द्यायला नव्हे, तर ज्या माणसाला साठ वर्षं नुसतं विचारलंच जातं, त्याच्याशेजारी वही मिटून कसं बसायचं हे शिकायला.

तिने संशोधन सांगली जिल्ह्यातल्या धरणग्रस्तांच्या एका वसाहतीत केलं. गुण चांगले मिळाले. प्रबंधाची एक प्रत तिने वसाहतीत नेऊन दिली. हे करायला कोणी सांगितलं नव्हतं. तिथल्या एका माणसाने तिच्यातली नकाशाची आणि खातेदारांच्या यादीची पानं झेरॉक्स करून अर्जाला जोडली. प्रबंधाचा एवढा तरी उपयोग झाला.

२०१९ला ती बाहेर पडली. आज समुपदेशक म्हणून करारावर काम करते. करार अकरा महिन्यांचा, पगार माझ्या निम्म्याहूनही कमी. डॉक्टरांना परिषद आहे, वकिलांना आहे, आम्हा शिक्षकांच्या शिक्षणावरही राष्ट्रीय परिषदेची देखरेख आहे. समाजकार्याची पदवी घेतलेल्यांसाठी कायद्याने उभी केलेली स्वतंत्र परिषद देशात आजही नाही. त्यामुळे तिच्या जागेवर उद्या कोणीही प्रेमळ माणूस बसू शकतो. मी बसले होते तसा. मामूंनी आता विचारणं सोडलं आहे, पण मोहल्ल्यात नवराबायकोचं काही बिनसलं की ते हळूच तिला फोन करतात. आणि फोन ठेवताना बजावतात, "कोणाला सांगू नकोस." ती म्हणते, "मामू, त्याचंच तर शिकलेय."

राहिली ती मुलगी.

२०१९च्या दिवाळीच्या सुट्टीत मी बहिणीला म्हटलं, माझ्याबरोबर चल, तिच्या घरी जाऊ. ती म्हणाली, "मी कशाला? आणि आधी निरोप पाठव. त्यांना नको असेल तर जाऊ नकोस." मी निरोप पाठवला. आठ दिवसांनी उत्तर आलं, या.

वाडीच्या टोकाला घर. पुढे एक खोली, मागे स्वयंपाकघर, मधे दरवाजा नाही, जुन्या चादरीचा पडदा. तिची आई मशीनवर शिवणकाम करत होती. तिने मशीन थांबवलं, खुर्ची पुढे केली. मी काय काय बोलायचं ते मनात जुळवून गेले होते. पाठ टाचणच म्हणा. त्यातलं काहीच बोलता आलं नाही. मी एवढंच म्हटलं, "माझं चुकलं."

ती बराच वेळ बॉबिनशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, "टीचर, पैसे नको होते असं नाही. लागतच होते. त्या पैशांत दोन महिने निघाले." थोड्या वेळाने म्हणाली, "तुम्ही मला बोलावलं असतं तर मी आले असते."

मी विचारलं, "ती कशी आहे?"

"आहे. कपड्यांना काज-बटण करते. कुराण सुरेख वाचते. बाहेरून दहावी देता येते म्हणतात, खरं आहे?"

मी म्हटलं, "खरं आहे. सतरा नंबरचा फॉर्म असतो. तिला हवा असेल तर मी आणून देईन. तिला विचारा."

"विचारते."

ती चहा करायला आत गेली. पडदा हलला आणि पुन्हा जागेवर आला. पडदा जमिनीपासून वीतभर वर होता. खाली मला दोन पावलं दिसली. आईची नव्हेत. आईची तर चुलीपाशी हलत होती. ही पडद्याच्या मागे अगदी जवळ, एका जागी उभी होती, मेंदी लावून बरेच दिवस झालेली, नखांच्या टोकांना थोडा रंग उरलेला.

मला तिचं नाव घ्यावंसं वाटलं. ओठांवर आलंही. आई चहा घेऊन बाहेर आली. मी कप हातात घेतला आणि खुर्ची थोडी फिरवून दाराकडे तोंड करून बसले. बाहेर अंगणात कोंबड्या होत्या. चहात आलं जास्त पडलं होतं. आईने विचारलं, घाटाची एस.टी. किती वाजता आहे? मी म्हटलं, साडेचारला. अजून वेळ आहे.